‘माणूस ओळखण्याची सहा शास्त्रीय सूत्रं’ पुढे पाठवण्याआधी

गेल्या महिन्यात माझ्या भाचीने एका जागेचा अर्ज अर्धा भरून सोडून दिला. नव्याने लागलेल्या लोकांना काम शिकवायचं, अशी ती जागा. हेच काम ती आताच्या नोकरीत दोन वर्षं करतेय. फक्त हुद्दा नाही आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. अर्ज का सोडलास म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मावशी, मी आयएनएफपी निघाले. आमच्या प्रकारच्यांनी माणसांसमोर उभं राहायची कामं घेऊ नयेत म्हणे." आयएनएफपी हा एका स्वभावचाचणीतल्या सोळा प्रकारांपैकी एक. पण म्हणे म्हणजे कोण म्हणे? तर तिच्याच काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला लेख म्हणे. मला हे कळेपर्यंत अर्जाची मुदत उलटून गेली होती.

तो लेख बहुधा तुमच्याकडेही येऊन गेला असेल. शीर्षक ‘माणूस ओळखण्याची सहा शास्त्रीय सूत्रं’. सुरुवात ‘शितावरून भाताची परीक्षा’ या म्हणीने. मध्ये ‘औद्योगिक मानसशास्त्राने सिद्ध केले आहे’ हे वाक्य चार वेळा, आणि कुणी, कधी, कसं सिद्ध केलं याबद्दल चकार शब्द नाही. सूत्रं थोडक्यात अशी: हस्ताक्षरावरून कामाची कुवत कळते, प्रत्येक माणूस सोळांपैकी एका प्रकारचा असतो आणि त्याला त्यानुसारच काम द्यावं, संवादाचा ९३ टक्के भाग देहबोली असते, अनुभवी माणसाला गप्पा मारता मारता उमेदवार कळतो, आनंदी कर्मचारी जास्त काम करतो, आणि नुसतं लक्ष दिलं तरी उत्पादन वाढतं. वर सजावटीला माणसाच्या गरजांच्या पायऱ्या दाखवणारा मास्लोचा पिरॅमिड. (मास्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिडचं चित्रच नाही. ते पुढे व्यवस्थापनवाल्यांनी काढलं. पण सजावटीशी कशाला भांडा.)

सोळा प्रकारांपासूनच सुरू करते, कारण आमच्या घरात नुकसान त्यांनी केलं.

ही चाचणी म्हणजे मायर्स-ब्रिग्ज. अंतर्मुख की बहिर्मुख अशा चार जोड्यांतून एकेक अक्षर निवडून ती प्रत्येकाला चार अक्षरांचा एक प्रकार देते. आयएनएफपीतला ‘आय’ म्हणजे अंतर्मुख. कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघींनी ती घडवली. पाया मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकाचा. मायलेकी हुशार आणि चिकाटीच्या, पण मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींपैकी एकीचंही नव्हतं. तो काही गुन्हा नाही. चाचणी कसाला उतरली असती तर कुणी त्यांची पदवी विचारली नसती. पण कुठल्याही चाचणीला दोन साधे प्रश्न विचारायचे असतात. पहिला विश्वसनीयतेचा: आज जे उत्तर आलं, तेच महिन्याभराने येतं का? दुसरा वैधतेचा: त्या उत्तरावरून माणसाच्या कामाबद्दल खरंच काही सांगता येतं का?

पहिल्याच प्रश्नाला ही चाचणी अडखळते. पाच आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर निम्म्याच्या आसपास लोकांचं चारांपैकी एखादं तरी अक्षर बदलल्याचं अभ्यासांत दिसलेलं आहे. याचं कारण लोक लहरी असतात असं नाही, कारण चाचणीच्या बांधणीत आहे. समजा, लोकांची उंची मोजून त्यांना ‘उंच’ आणि ‘बुटके’ अशा दोनच खोल्यांत बसवायचं ठरवलं आणि रेघ बरोबर सरासरीवर मारली. बहुतेक लोक सरासरीच्या आसपासच असतात. म्हणजे रेघेच्या बोटभर अलीकडची बाई बुटक्यांत जाणार, बोटभर पलीकडची उंचांत, आणि ही दुसरी थेट बास्केटबॉलच्या खेळाडूशेजारी जाऊन बसणार. उद्या जाड तळव्याची चप्पल घातली की पहिलीची खोली बदलली! अंतर्मुख आणि बहिर्मुख यांचं नेमकं हेच होतं. भाचीकडून तिचा निकाल मागवून घेतला. अंतर्मुख: ५४ टक्के. म्हणजे पोरगी रेघेला टेकून उभी आहे आणि लेख तिला सांगतोय की माणसांसमोर उभी राहू नकोस.

खुद्द युंगनेच नंतर एका मुलाखतीत म्हटलं होतं, की निव्वळ बहिर्मुख किंवा निव्वळ अंतर्मुख माणूस असा नसतोच. असलाच तर तो वेड्यांच्या इस्पितळात असेल. 

आता दुसरा प्रश्न. ‘अंतर्मुखांनी विक्री आणि प्रशिक्षण टाळावे’ हे लेखातलं वाक्य बघा. मानसशास्त्रज्ञ ॲडम ग्रँट यांनी २०१३ मध्ये फोनवरून विक्री करणाऱ्या ३४० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यात जास्त उत्पन्न कुणी आणलं? टोकाच्या बहिर्मुखांनी नाही, टोकाच्या अंतर्मुखांनीही नाही, तर मधल्यांनी. बोलायचं कधी आणि ऐकायचं कधी, हे दोन्ही जमणाऱ्यांनी. चोपन्न टक्केवाल्यांनी, असं मी भाचीला ऐकवलं. आणि गंमत म्हणजे या चाचणीचा प्रसार करणारी संस्थाच सांगते, की कुणाला नोकरीवर घ्यायचं किंवा कुणाला कुठलं काम द्यायचं हे ठरवण्यासाठी ही चाचणी वापरणं अनैतिक आहे. दुकानदार स्वतः सांगतोय हे औषध त्या दुखण्याचं नाही, आणि आपले काका चमचा घेऊन मागे लागलेत.

"पण मावशी, माझं वर्णन तर अगदी तंतोतंत जुळलं!" जुळणारच. बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं ‘खास’ स्वभाववर्णन दिलं. किती जुळतं, ते पाचपैकी गुण देऊन सांगा म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर होता, आणि त्यातली वाक्यं त्याने भविष्याच्या पुस्तकातून उचलली होती. ‘तुम्ही बाहेरून शिस्तशीर दिसता पण आत धाकधूक असते’ हे कुणाला लागू पडत नाही?

एवढं मात्र कबूल करते, की अंतर्मुखता-बहिर्मुखता ही काही थाप नाही. स्वभावाची ती खरी बाजू आहे आणि खोल्या न करता पट्टीवर मोजली तर उपयोगाचीही आहे. त्याहून उपयोगाचा निघाला आहे काटेकोरपणा: हातात घेतलेलं काम वेळेवर, नीट पुरं करण्याचा गुण. जवळजवळ सगळ्या प्रकारच्या कामांत त्याचा कामगिरीशी थोडाफार संबंध दिसतो. पण चार अक्षरांसारखं ते कुणी मिरवत नाही.

हस्ताक्षर. यावर इतकं लिहावं लागू नये, पण लेखात पहिलं सूत्र तेच आहे: ओळ वर चढत गेली तर महत्त्वाकांक्षी, ‘त’ची गाठ सुटी तर बेफिकीर. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये कर्मचारी-निवडीवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. १९ पद्धती एका पट्टीवर ठेवल्या. पट्टी अशी: पद्धतीने दिलेला अंदाज आणि माणसाने पुढे प्रत्यक्ष केलेलं काम यांचा काहीच संबंध नसेल तर शून्य, तंतोतंत असेल तर एक. हस्ताक्षराला मिळाले ०.०२. वयाला उणे ०.०१. म्हणजे अक्षर पाहून माणूस घेणं आणि जन्मतारीख पाहून घेणं यांत फरक करायला भिंग लागेल. त्याआधी, १९८९ मध्ये, नेटर आणि बेन-शाखर यांनी हस्ताक्षरतज्ज्ञांवरचे अभ्यास एकत्र तपासले होते. लिहिणाऱ्याने स्वतःबद्दलच काही लिहिलं असेल तर थोडा अंदाज येत होता, आणि तो हस्ताक्षराचा ओ की ठो न कळणाऱ्यांनाही तितकाच येत होता. म्हणजे ते मजकूर वाचत होते, अक्षर नव्हे. सगळ्यांना कोरडा, ठरावीक मजकूर उतरवायला दिला की तज्ज्ञांची विद्या संपली.

हाच आढावा चौथ्या सूत्रालाही पुरतो, आणि इथे मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावी लागेल. मी बरीच वर्षं मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूने बसले आहे. ‘मला पाच मिनिटांत माणूस कळतो’ हे वाक्य मीही ठासून बोललेय. श्मिट-हंटर यांच्या आढाव्यात अशा सैल, गप्पांच्या मुलाखतीचा आकडा ०.३८ होता आणि आखून घेतलेल्या मुलाखतीचा ०.५१. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की जुन्या हिशेबात आकडे जरा जास्तच फुगवले गेले होते. नव्या हिशेबात गप्पांची मुलाखत ०.१९ वर घसरली. आखीव मुलाखत ०.४२ वर राहिली आणि सगळ्या पद्धतींत वरच्या जागी आली. माझ्या ‘नजरे’ची किंमत त्या ०.१९ मध्ये आली.

आखीव म्हणजे काही जादू नाही. आधी त्या कामाचं विश्लेषण करायचं: हे काम करणारा दिवसभर नेमकं काय करतो, कुठे चुकला तर महागात पडतं. त्यावरून प्रश्न काढायचे. सगळ्या उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. उत्तर कसं असलं तर किती गुण, हे आधीच लिहून ठेवायचं. आणि मुलाखत घेणाऱ्यांनी आपापसांत बोलण्याआधी आपापले गुण मांडायचे. हे अतिशय कंटाळवाणं असतं. म्हणूनच साहेब लोकांना ते नको असतं. त्यांना ‘तुमचे छंद काय’ विचारायचं असतं, आणि मग छंद जुळले की उमेदवार हुशार.

गप्पांवर आपला किती आंधळा विश्वास असतो, याचा एक मासला सांगितल्याशिवाय राहवत नाही. डाना, डॉज आणि पीटरसन यांच्या २०१३ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांचे पुढचे गुण किती येतील याचा अंदाज करायचा होता. काही मुलाखतींत उत्तरं देणाऱ्यांना गुपचूप सांगून ठेवलं होतं, की ‘हो’ की ‘नाही’ हे प्रश्नातल्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ठरवा. म्हणजे उत्तरं निव्वळ छापा-काट्याची. मुलाखत घेणाऱ्यांना पत्ता लागला नाही. त्यांना त्यातही माणूस ‘कळला’. आणि ज्यांनी मुलाखत न घेता नुसते जुने गुण पाहून अंदाज केला, ते जास्त बरोबर निघाले.

उरलेल्यांना इतकी जागा देण्याची गरज नाही.

९३ टक्के देहबोलीचा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन छोट्या प्रयोगांतून आला. सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून, चेहऱ्याचे फोटो दाखवून विचारलं होतं, की बोलणाऱ्याची भावना कशी वाटते. आवड-नावड कळण्यापुरता तो आकडा, आणि त्यातही सूर ३८ टक्के, चेहरा ५५ टक्के. देहबोली अशी त्यात मोजलेलीच नाही. उमेदवार हिशेबाची चूक कशी शोधली ते सांगत असेल, तर सात टक्के ऐकून कसं भागेल?

आनंदी कर्मचारी जास्त काम करतो, हे अर्धं खरं आहे. नाइलाजाने मान्य. टिमथी जज आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ३१२ नमुन्यांचा, चोपन्न हजारांवर लोकांचा, एकत्र हिशेब केला आणि समाधान-कामगिरी यांचा संबंध त्याच शून्य-ते-एकच्या पट्टीवर ०.३० आला. आधी लोक समजत होते त्याहून जास्तच. पण यातून दिशा कळत नाही. काम चांगलं झालं, कौतुक झालं, म्हणूनही माणूस समाधानी असतो. लेखातला सल्ला ‘कर्मचाऱ्यांसाठी खेळ आणि सहली ठेवा’ हा आहे. कामात स्वातंत्र्य द्या, केलेलं कसं झालं ते वेळेवर सांगा, हा नाही. खेळ स्वस्त पडतात.

आणि शेवटचं, नुसतं लक्ष दिल्याने उत्पादन वाढण्याचं सूत्र. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून दिव्यांचे प्रयोग झाले. प्रकाश वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, ही कथा सगळ्यांना पाठ. लेविट आणि लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी हरवले समजले गेलेले मूळ आकडे शोधून २०११ मध्ये पुन्हा तपासले. दिवे बदलले जायचे रविवारी. सोमवारी उत्पादन वाढायचं. पण ते दिवे न बदललेल्या आठवड्यांतही सोमवारी वाढायचंच! नंतरच्या प्रसिद्ध प्रयोगात तर पाच कामगार बायका होत्या, त्यांतल्या दोघींना फार बोलतात, काम कमी करतात म्हणून १९२८ मध्ये बदलून टाकलं. ‘नुसतं लक्ष दिलं’ याचा हाही एक अर्थ.

भाचीच्या काकांना हे सगळं पाठवलं. त्यांनी अंगठ्याचा इमोजी टाकला आणि दुपारी राशीनुसार करिअर कसं निवडावं ते पुढे पाठवलं.

भाचीला दुसऱ्या एका ठिकाणी तशीच जागा दिसली. या वेळी अर्ज पुरा भरलाय. परवा विचारत होती, "मुलाखतीत त्यांनी माझा प्रकारच विचारला तर?" म्हटलं, चार अक्षरं हसून सांग, आणि लगेच त्यांना विचार की या जागेवरच्या माणसाने पहिल्या महिन्यात नक्की काय करून दाखवायला हवं. त्यांना उत्तर देता आलं नाही, तर घरी आल्यावर मला फोन कर.