नाटकाची बस आणि सुटे पाच रुपये

आमच्या नाटक कंपनीत सगळ्यात ज्येष्ठ कलावंत म्हणजे बस. ती आज चालेल की पडेल, हे नाटकासारखंच आधी कुणाला सांगता येत नसे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बॅकस्टेजला होतो. मालकांनी लिलावातून एक दमलेली एसटी उचलली, मागच्या सीट उपटल्या, मधे प्लायवूड ठोकलं आणि पलीकडे सेट, अलीकडे माणसं अशी वाटणी केली. टपावर फ्लॅट, म्हणजे सेटच्या कापडी भिंती, त्यावर ताडपत्री. लाल रंगावर निळा फासला, पण स्वस्तातला. पहिल्याच पावसाळ्यानंतर खालचा लाल पुन्हा डोकावायला लागला.

आतल्या पाट्या मात्र कुणी पुसल्या नाहीत. ‘आमदारांसाठी राखीव’वर नायक बसे आणि तसाच वागे. वाहकाच्या जागेवर मॅनेजर. बॅकस्टेजवाल्यांसाठी महामंडळानेही काही राखून ठेवलेलं नसल्यामुळे आम्ही प्लायवूडला टेकायचो. पलीकडून वाड्याचा खांब पाठीत टोचत असायचा. नाटकात तो तिसऱ्या अंकात कोसळतो. गाडीत त्याला तेवढा धीर नसे.

ड्रायव्हरशेजारचं इंजिनाचं झाकण हा आमचा कपडेपटाचा वाळवणाचा दोर. घामेजलेले अंगरखे, सासूचा टोप, सगळं तिथे वाळत पडे. पनवेल ओलांडेपर्यंत गाडीभर डिझेल आणि नेपथ्यातला सरंजामी थाट यांचा मिश्र वास पसरलेला असे.

घंटीची दोरीही शाबूत होती. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे ड्रायव्हरच्या रक्तात. मॅनेजरच्या रक्तात पडदा उघडण्याआधीची तिसरी घंटा. दादरला शिवाजी मंदिराबाहेर रात्री निघताना तो हटकून तीनदा दोरी ओढायचा. ड्रायव्हर निघायचा, थांबायचा आणि मागे वळून विचारायचा, “नक्की काय ते ठरवा.”

तिथून कुडाळ जवळजवळ पाचशे किलोमीटर. हमरस्त्याला तेव्हा सतरा नंबर होता, आता सहासष्ट आहे. नंबर वाढला, पण धड रस्ता मिळायची वाट बघून माणसं थकली. कशेडी घाटात गाडीला पाणी पाजायला थांबावंच लागे. चाकामागे दगड शोधत कोण फिरणार, म्हणून लेव्हलची, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्याची, एक फळी कायम दाराशी ठेवलेली. मग गाडी चालू व्हायची नाही आणि धक्का मारायची वेळ यायची. इथे कंपनीचा अलिखित नियम असा, की ज्याची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, मोठी त्याचा धक्का छोटा. नायक फक्त गाडीला हात लावून उभा राहायचा, आणि गाडी सुरू झाली की सगळ्यात आधी चढायचा.

लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, महामंडळाने जुन्या बसमधल्या सीट काढून मालवाहतूक सुरू केली, तेव्हा लोकांना केवढं नवल! आम्हाला काही वाटलं नाही. सीट काढल्यावर माल कुठे आणि माणूस कुठे संपतो, हे आम्ही पाठीने शिकलो होतो. अशा म्हाताऱ्या गाड्यांना आता दुसरा जन्म मिळणंही कठीण. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं उलटलेल्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते. पाठीपुरतं बोलायचं, तर मला हा कायदा पसंत आहे.

पण या बसचा खरा छळ वेगळाच. तिला रंग बदललेला ठाऊकच नव्हता. आणि रस्त्यावरच्या लोकांना तरी कुठे? वळणावर कुणी हात केला, की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. त्याची अर्धी नोकरी गावच्या गाड्या हाकण्यात गेलेली. टपावर आख्खा वाडा बांधलाय, पुढे नाटकाचा बोर्ड लावलाय, तरी माणसं विचारत, “सावंतवाडी?” एकाने तर बोर्ड नीट वाचून, हे गाव नेमकं कुठल्या फाट्यावर येतं, म्हणून चौकशी केली.

कणकवलीला एक आजी थेट चढल्याच. हातात पिशवी, पिशवीत जिवंत कोंबडी. “माका कुडाळाक जावचा आसा,” म्हणत त्या खलनायकाशेजारी बसल्या आणि त्याला सरकायला लावलं. मॅनेजरने समजावलं, ही नाटकाची गाडी आहे. आजींनी वीसची नोट पुढे केली. पैसा समोर दिसल्यावर मॅनेजरचा प्रतिकार संपला. पंधरा रुपये भाडं त्याने मनानेच ठरवलं. सुटे नव्हते आणि आजी तिकिटाशिवाय ऐकेनात, म्हणून त्याने रात्रीच्या प्रयोगाचं एक तिकीट फाडलं आणि अस्सल कंडक्टरसारखं त्यामागे लिहिलं, ‘५ रु. बाकी’.

रात्री आजी प्रयोगाला हजर. तिकीट दुसऱ्या रांगेचं. प्रयोग लावणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने तिकीट उलटसुलट पाहिलं, मागचा हिशेब वाचला आणि गुपचूप खुर्ची दिली.

मध्यंतरात त्या विंगेत आल्या. मॅनेजरकडे अजूनही सुटे नव्हते. नायकाने मोठ्या मनाने खिशातून पाचची नोट काढून दिली. आजींनी ती दिव्यासमोर धरली. पहिल्या अंकात त्याने सावकाराच्या तोंडावर भिरकावलेल्या गड्डीतलीच ती.

“नाटक भायर कर,” आजी म्हणाल्या, “आदी माजे पाच रुपये दी.”

तिसरी घंटा त्या दिवशी उशिरा झाली. पानवाल्याकडून सुटे आणायला मलाच पाठवलं होतं.