मुख्य पात्र बदललं म्हणून मालिका बुडाली? तपासून बघा

"सायन्स फिक्शन मालिकेतलं मुख्य पात्र गेलं की मालिका संपलीच. डॉक्टर हू तेवढी टिकली, कारण तिथे चेहरा बदलायची सोय पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. एरवी नट कमी पडतो म्हणून त्याला बदलतात. आणि बदलायचंच असेल तर जुन्याच्या साच्यातलंच पात्र आणावं, म्हणजे प्रेक्षक दुरावत नाहीत." एखादा मुख्य नट मालिका सोडतोय अशी बातमी आली की हा मजकूर थोड्याफार फरकाने पुन्हा फिरू लागतो. यात चार विधानं आहेत आणि चारही कच्ची आहेत.

पहिलं विधान, मालिका संपते. बीबीसीच्या ब्लेक्स ७ (१९७८–८१) च्या नावातच ब्लेक आहे. गॅरेथ थॉमस दुसऱ्या सीझननंतर बाहेर पडले, आणि एकूण ५२ भागांपैकी उरलेले २६ भाग ब्लेकचा सहकारी एव्हॉन याच्या जोरावर चालले. त्या २६ भागांत ब्लेक दोनदाच दिसतो, तिसऱ्या आणि चौथ्या सीझनच्या शेवटच्या भागांत. स्टारगेट एसजी-१ मध्ये आठव्या सीझननंतर रिचर्ड डीन अँडरसन बाजूला झाले, त्यानंतर आणखी ४० भाग निघाले. अर्थ: फायनल कॉन्फ्लिक्टने तर पहिल्याच सीझननंतर नायक बदलला आणि पाच सीझन पुरे केले.

यावर हमखास सीक्वेस्ट आणि स्लायडर्सची नावं पुढे केली जातात. सीक्वेस्टच्या तिसऱ्या सीझनला कप्तान झालेल्या रॉय शायडर यांच्या जागी मायकल आयर्नसाइड आले आणि १३ भागांत मालिका आटोपली, हे खरंच आहे. पण त्याच सीझनला मालिकेचं नाव बदललं, कथा दहा वर्षं पुढे नेऊन २०३२ मध्ये ठेवली आणि सूरही पार वेगळा केला. इतकं सगळं एकदम हलवल्यावर खापर एकट्या कप्तानाच्या माथी कसं फोडणार? स्लायडर्सची गत याहून वाईट. समांतर पृथ्व्यांवर भटकणाऱ्या चौघांपैकी प्राध्यापक आर्तुरो तिसऱ्या सीझनमध्ये मेला आणि वेड त्या सीझननंतर गेली. चौथ्यानंतर क्विन झालेले जेरी ओ'कॉनल गेले, तेव्हा मूळ चौकडीतला एकटा रेम्ब्रँट उरला. त्यात पाचव्या सीझनची युक्ती अशी की क्विन दुसऱ्या पृथ्वीवरच्या स्वतःच्याच प्रतिरूपात मिसळून जातो आणि ते प्रतिरूप वेगळा नट करतो. म्हणजे पात्र धड जुनं नाही, धड नवं नाही. जुन्या क्विनसाठी हळहळायचं की नव्याशी ओळख करून घ्यायची, हे प्रेक्षकाला कुणी सांगतच नाही.

आता डॉक्टर हू, काळातून फिरणाऱ्या परग्रहवासी डॉक्टरची बीबीसी मालिका. "पहिल्या दिवसापासून ठरलेलं" हे तर सपशेल खोटं. मालिका नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झाली, तेव्हा असा कुठलाही नियम नव्हता. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळली होती. त्यांच्या निरोपाच्या चार भागांच्या कथेतल्या तिसऱ्या भागात ते आजारपणामुळे दिसलेच नाहीत आणि त्यांचे संवाद इतर पात्रांत वाटावे लागले. चौथ्या भागाच्या शेवटी डॉक्टर टार्डिस या आपल्या यानाच्या जमिनीवर कोसळतो आणि चेहऱ्यावर चेहरा मिसळून पॅट्रिक ट्रॉटन दिसतात. 'रीजनरेशन' हा शब्द मालिकेत आला १९७४ मध्ये, आणि बाराच वेळा असं होऊ शकतं ही मर्यादा १९७६ मध्ये. मधे १९६९ साली तर चेहरा बदलणं ही डॉक्टरला त्याच्याच लोकांनी दिलेली शिक्षा होती. थोडक्यात, आधी अडचण आली, तिच्यावर तोडगा निघाला आणि नियम मागाहून चिकटवला गेला.

तो तोडगा टिकला का, हे ट्रॉटन यांच्या पहिल्या कथेत नीट बघण्यासारखं आहे. नव्या डॉक्टरच्या बोटात जुनी अंगठी बसत नाही. आरशात त्याला क्षणभर जुना चेहरा दिसतो. दोन सोबत्यांपैकी पॉलीचा त्याच्यावर विश्वास बसतो, बेनचा अजिबात नाही, म्हणजे घरी बसलेल्या प्रेक्षकाची शंका बेनच्या तोंडून आधीच बोलून घेतली. खरी मेख पुढे आहे: डालेक त्याला ओळखतो. मित्र चुकतील, पण जुना वैरी कशाला चुकेल? नव्या डॉक्टरला स्वतःची ओळख पटवून देत बसावं लागलं नाही, ते काम शत्रूने केलं.

हीच मालिका १९८४ मध्ये घसरली तीही कारणासकट. नवे डॉक्टर कॉलिन बेकर यांची पहिली कथा सीझनच्या अगदी शेवटी टाकली. त्यात नवा डॉक्टर डोकं ठिकाणावर नसताना सोबतीण पेरीचा गळा आवळतो. कथा संपली आणि पुढचा सीझन थेट जानेवारी १९८५ मध्ये. इतके महिने लोकांच्या मनात राहिली ती तेवढीच ओळख. पात्र चिडखोर असायला हरकत नव्हती, पण त्याला सावरायला पुढचा भाग लगेच हवा होता.

"नट कमी पडला म्हणून काढला" हे बहुतेक वेळा बॅबिलॉन ५ बद्दल म्हटलं जातं. पहिल्या सीझनमध्ये कमांडर सिंक्लेअर झालेले मायकल ओ'हेर गंभीर मानसिक आजाराशी झुंजत होते. निर्माते जे. मायकल स्ट्राझिन्स्की यांनी ते गुपित ओ'हेर यांच्या निधनानंतर, २०१३ मध्ये, त्यांच्याच इच्छेनुसार जाहीर केलं. तोवर जवळजवळ वीस वर्षं लोक अभिनयावरून बोटं मोडत राहिले.

लेखनाच्या दृष्टीने हा बदल कसा केला, ते धड्यासारखं आहे. स्ट्राझिन्स्कींनी प्रत्येक मुख्य पात्रासाठी बाहेर पडायची वाट आधीच विचारात घेतली होती. सिंक्लेअर मेला नाही, त्याला राजदूत म्हणून मिनबार या परग्रहावर पाठवलं. तिथल्या मिनबारींना तो हवासा होता, म्हणून नवा कप्तान शेरिडन असा निवडला की मिनबारी त्याच्या नावानेच भडकतात, कारण पृथ्वी-मिनबारी युद्धात त्यांचं ब्लॅक स्टार हे जहाज त्याने उडवलं होतं. एकाच जागेवर बसलेल्या दोघांचं वजन त्यामुळे वेगळं झालं. शिवाय सिंक्लेअरभोवती वर्षभर ताणलेलं कोडं, मिनबारींनी जिंकत आलेलं युद्ध का सोडलं, त्याचं उत्तर शेरिडनच्या पहिल्याच भागात देऊन टाकलं. जुन्याची देणी फेडल्याशिवाय नव्याला दुकान मांडू देऊ नये. तिसऱ्या सीझनमध्ये सिंक्लेअर दोन भागांसाठी परतला आणि त्याची कथा रीतसर पुरी झाली.

उरला साच्याचा मुद्दा. तो सगळ्यांत घातक, कारण ऐकायला शहाणपणाचा वाटतो. स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशनच्या दुसऱ्या सीझनमध्ये डॉ. क्रशरच्या जागी डॉ. पुलास्की आली. खोचक डॉक्टर विरुद्ध थंड डोक्याचा सहकारी, ही मूळ स्टार ट्रेकमधली मॅकॉय आणि स्पॉकची जुनी जुगलबंदी तिच्या आणि यंत्रमानव डेटाच्या गळ्यात बांधली. स्पॉक उलट टोला हाणायचा, म्हणून ती रंगायची. डेटाला राग येतच नाही, त्यामुळे पुलास्की नुसती त्रास देणारी वाटली. वर डायना मुल्डॉर यांचं नाव शीर्षकात मुख्य कलाकारांत नव्हतंच, आणि पुढच्या सीझनला क्रशर परत आली. त्याच मालिकेत सुरक्षाप्रमुख टाशा यार गेली तेव्हा मात्र बाहेरून कुणीच आणलं नाही. सुरक्षेची जबाबदारी वर्फकडे गेली आणि जहाजाच्या नियंत्रण कक्षाच्या कोपऱ्यात उभं राहणाऱ्या त्या पात्राला प्रथमच भरपूर काम मिळालं.

म्हणून आधी जाणाऱ्या पात्राची कामं मांडायची: माहिती कोण सांगतो, निर्णय कोण घेतो, हसवतो कोण, विरोध कोण करतो. त्यातली निम्मी घरातल्याच पात्रांत वाटायची आणि उरलेली नव्याला द्यायची, पण वेगळ्या कारणाने. एसजी-१ मधला जोनस क्विन संघातून गेलेल्या डॅनियलचं अभ्यासकाचं काम उचलतो, पण अपराधीपणापोटी. डॅनियलने जीव घालून जोनसच्या देशाला वाचवलं आणि त्याच देशाने दोष डॅनियलवर ढकलला. जोनसचा प्रवेश डॅनियलच्या निरोपाच्याच भागात होतो, आणि संघाचा प्रमुख ओ'नील त्याला संघात घ्यायला पुढच्या सीझनच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी कुठे तयार होतो. सातव्या सीझनला डॅनियल परतल्यावर जोनस मायदेशी गेला, कारण एका संघात दोन अभ्यासकांना पुरेल इतकं काम नव्हतं.

दाव्यात काही तथ्य असेलच, तर ते जोडीच्या मालिकेपुरतं. मल्डर आणि स्कली या एफबीआय जोडीच्या द एक्स-फाइल्समध्ये आठव्या सीझनला मल्डरच्या जागी आलेला डॉगेट विचारपूर्वक घडवला होता: पोलिसी डोक्याचा, शंकेखोर, त्यामुळे मल्डरची गूढावर विश्वास ठेवण्याची जागा स्कलीकडे सरकली. ते जमलं, कारण मल्डरचा शोध हीच कथा होती आणि मल्डर झालेले डेव्हिड डकॉव्हनी निम्म्याच्या आसपास भागांत दिसत होते. नवव्या सीझनला मल्डर पडद्यावरून गेला, पण कथा त्याच्याभोवतीच घुटमळत राहिली, आणि डॉगेट-रेयेस ही नवी जोडी आपल्याच मालिकेत पाहुण्यासारखी वावरली. मे २००२ च्या शेवटच्या कथेसाठी मल्डरलाच परत आणावं लागलं.