‘मजूर मुकादमाचे, कारखान्याचे नव्हेत’ हे खरं नाही

गळीत हंगाम जवळ आला की आमच्या ऊस उत्पादकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ऊसतोड मजूर मुकादमाचे, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराचे, कारखान्याचा त्यांच्याशी संबंध नाही, उचल (हंगामाआधी दिलेली आगाऊ रक्कम) बुडवून मजूर पळतात, त्यात नागवला जातो कारखानाच, मजुरांच्या सोयींचा बोजा टाकला तर कारखाने बंद पडतील, आणि इथेनॉल, सहवीजनिर्मिती करून साखर उद्योगाने आपली जबाबदारी पार पाडलेलीच आहे. मी एका सहकारी कारखान्याचा सभासद आहे, वीस वर्षं ऊस घालतोय. भागदाखल्यावर माझं नाव आहे, म्हणजे त्या कारखान्याचा मीही एक मालक. म्हणून उत्तर देतोय.

पहिला मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, कारण बाकीचे त्याच्यावरच उभे आहेत. माझ्या शेतात तोड कधी लागणार हे मुकादम ठरवत नाही. उसाची नोंद कारखान्याकडे असते. लागणीच्या तारखेवरून तोडणी कार्यक्रम शेतकी विभाग लावतो. मजुरांची टोळी आज कुठल्या फडात, म्हणजे तोडणीच्या उसात, जायची हे कारखान्याचा चिटबॉय (तोडणीवर देखरेख करणारा कर्मचारी) सांगतो. वजन कारखान्याच्या काट्यावर होतं, आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्या बिलातून कारखानाच कापतो. तोडणीचा दर? जानेवारी 2024 मध्ये मजुरांच्या कोयता बंद, म्हणजे तोडणी थांबवण्याच्या, आंदोलनानंतर पुण्यात 34 टक्के वाढ ठरली, ती साखर संघ (सहकारी कारखान्यांची संघटना) आणि मजूर संघटना समोरासमोर बसून. ज्यांचा मजुरांशी संबंध नाही, ते मजुरीचा दर ठरवायला कशासाठी बसतात? 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानेही सांगितलं होतं की ठेकेदाराने मजुरी दिली नाही किंवा सोयी पुरवल्या नाहीत, तर त्या मूळ मालकाने द्यायच्या. जागा, वेळ, वजन आणि दर ज्याच्या हातात, मालक तोच.

उचलीत फसवणूक होते हे मात्र खरं आहे. पैसे घेऊन टोळी न आल्याने बुडालेले वाहतूकदार माझ्या ओळखीत आहेत, त्यांची घरं मोडलेली पाहिली आहेत. पण ही रक्कम कारखान्याकडून वाहतूकदाराकडे, तिथून मुकादमाकडे आणि मग मजुराकडे जाते, आणि शेवटच्या टप्प्यावर साधा कागदही नसतो. मजुराने किती घेतले, किती फिटले, खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीच्या दंडाचे, किती कापले, सगळं मुकादमाच्या वहीत. हंगामभर राबूनही पट्टा पडताना, म्हणजे हंगाम संपताना, अंगावर बाकी निघते आणि पुढच्या साली त्याच मुकादमाकडे यावं लागतं. अंगावरच्या कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणं 1976 च्या कायद्याने बंद झालेलं आहे. कारखान्याने प्रत्येक मजुराशी लेखी करार करावा, पैसे थेट त्याच्या खात्यात टाकावेत. बुडवणाराही सापडेल आणि लुबाडणाराही.

आणि खातं नवरा-बायकोचं वेगवेगळं हवं. आपल्याकडे जोडपं म्हणजे एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. ती बाई पहाटे भाकरी थापून फडात येते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, पण हिशोबात तिचं वेगळं नावच नाही. दोन हंगामांपूर्वी माझ्या फडात दिवस भरत आलेली एक बाई फळीवरून मोळी घेऊन ट्रॉलीवर चढत होती. मी म्हटलं, “ताई, बस जरा.” ती म्हणाली, “बसले तर खाडा पडंल, दादा.” मला पुढे बोलता आलं नाही. ऊस माझाच होता.

2019 मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करणाऱ्या आमदार नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती, म्हणजे साधारण सहाजणींत एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण जेमतेम 3 टक्के होतं. फडात आडोसा नाही, राहायच्या कोपीपाशी (झोपडीपाशी) संडास नाही, पाळीच्या दिवसांत सुट्टी घेतली तर दंड. यातलं कुठलं मुकादमाच्या ऐपतीत बसतं आणि कुठलं कारखान्याच्या?

आता कारखाने बंद पडण्याबद्दल. आपला उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, साधारण 10 ते 11 टक्के, म्हणजे टनाला शंभर-एकशे दहा किलो साखर. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला 10 रुपये घ्यायचे ठरले, ते किलोमागे जेमतेम दहा पैसे होतात. उद्या संडास, पाणी, विमा, दवाखाना, मजुरांच्या मुलांची साखर शाळा यांसाठी टनाला 100 रुपये ठेवले तरी किलोला एक रुपया पडतो. मळी, बगॅस (उसाचा चोथा), इथेनॉलचं उत्पन्न यात धरलेलंच नाही. हा रुपया आमच्या बिलातून कापला जाऊ नये हेही मी तितक्याच ठामपणे म्हणेन.

इथेनॉल आणि विजेचं मला कौतुक आहे. पण बगॅस जाळून वीज केल्याने फडातल्या बाईला आडोसा मिळत नाही. साखर घेणाऱ्यांनाही हे आता विचारलं जातंय. मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या बायकांची हकिगत छापली आणि धागा कोका-कोला, पेप्सिकोच्या साखर खरेदीपर्यंत नेला. खरेदीदार उद्या कागद मागतील, तेव्हा मुकादमाची वही दाखवून चालणार नाही.

‘हार्वेस्टर आले की प्रश्नच मिटेल’ असंही त्या मजकुराखाली कुणी तरी लिहितंच. यंत्राला चार-पाच फुटांची सरी आणि मोठं रान लागतं. माझ्या तीस गुंठ्यांत ते वळणारही नाही. यंदाही कोयताच येणार आहे. वार्षिक सभेसाठी मी लेखी प्रश्न दिला आहे: आपल्या कारखान्याकडे येणाऱ्या मजुरांची नावानिशी यादी आहे का, आणि त्यात बायकांची नावं वेगळी आहेत का?