‘मेडिकलला अनफिट’ ठरलेल्या माणसाचे पुढे काय होते?

माझ्या मावसभावाला हेपॅटायटिस बी, म्हणजे यकृताचा एक विषाणूजन्य आजार, आहे हे आम्हांला कुणा डॉक्टरांकडून कळले नाही. ते मुंबईतल्या एका मेडिकल सेंटरच्या खिडकीवर कळले. २०१९ साली तो एसी मेकॅनिक म्हणून कुवेतला जाणार होता आणि एजंटला निम्मे पैसे देऊनही झाले होते. आखाती देशांच्या व्हिसासाठी जी वैद्यकीय तपासणी करावी लागते, तिच्यात एचआयव्ही आणि क्षयरोगाबरोबर हेपॅटायटिस बी आणि सी यांचीही तपासणी असते, आणि त्यांपैकी काही निघाले की उमेदवार ‘अनफिट’ ठरतो. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखातात जाणारी माणसे घरटी सापडतात, त्यामुळे ‘मेडिकलला अनफिट झाला’ या वाक्याचा अर्थ आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. भावाच्या हातात एक कागद पडला, एजंटने पासपोर्ट परत केला आणि तो रात्रीच्या गाडीने खेडला आला. हा विषाणू शरीरात काय करतो, पुढे कोणत्या दवाखान्यात जायचे, घरात आणखी कुणाला तपासायचे, यांतले एक अक्षरही त्याला त्या खिडकीवर कुणी सांगितले नाही.

त्यानंतरची दोन वर्षे वाया गेली. कागदावर ‘एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह’ एवढेच होते, म्हणजे रक्तात हेपॅटायटिस बीच्या विषाणूचा अंश सापडला होता. गावात त्याचा अर्थ ‘पोरग्याला कावीळ आहे’ असा लावला गेला आणि त्याला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेण्यात आले. चुन्याच्या पाण्यात हात चोळून झाले, पाणी पिवळे झाले, झाडपाल्याचे औषध झाले, तेल-तिखटाचे पथ्यही झाले. त्याचे डोळे मुळात कधी पिवळे झालेच नव्हते, त्यामुळे कावीळ उतरली असे सगळ्यांनी मान्य केले. कावीळ उतरवणाऱ्यांना मी दोष देत नाही. कावीळ हा शब्दच आपल्याला चकवतो. कावीळ म्हणजे दिसणारा आजार, आला आणि गेला. हेपॅटायटिस बी आणि सी यांचे दीर्घकालीन संसर्ग मात्र वीस-तीस वर्षे काहीही न दाखवता यकृतात राहतात, आणि जेव्हा डोळे पिवळे होतात किंवा पोटात पाणी भरते, तेव्हा बऱ्याचदा यकृत आक्रसून गेलेले असते किंवा कर्करोगाची गाठ झालेली असते. म्हणून या आजारात लक्षणांची वाट पाहण्याला अर्थ नाही. तपासणी हाच एक मार्ग आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हेपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना हेपॅटायटिस सी होता. त्याच अहवालात असे म्हटले आहे की जगभरातल्या हेपॅटायटिस बी असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम तेरा जणांचे निदान झालेले आहे. उरलेली माणसे आपापल्या कामाला जात आहेत, संसार करत आहेत आणि त्यांना काहीच ठाऊक नाही.

मग आपल्याकडे ही तपासणी होत नाही का? होते, भरपूर होते, आणि माझे म्हणणे नेमके तिथेच आहे. शस्त्रक्रियेआधी बहुतेकांची ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’, म्हणजे हेपॅटायटिस बीचीच, तपासणी करतात. रक्तदान शिबिरात घेतलेली प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासली जाते. डायलिसिसच्या रुग्णांची ठरावीक अंतराने तपासणी होते, आखाताच्या व्हिसासाठी होते, काही ठिकाणी नोकरीच्या वैद्यकीय चाचणीतही होते. यांतली बहुतेक तपासणी दुसऱ्या कुणाला तरी वाचवण्यासाठी असते : ज्याला रक्त चढवायचे त्याला, शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाला, शेजारच्या यंत्रावरच्या रुग्णाला. ते आवश्यकच आहे. पण ज्याच्या रक्तात विषाणू सापडला त्याचे काय, हा प्रश्न त्या साखळीत कुणाच्याच कामाचा भाग नसतो. पिशवी बाजूला काढली जाते आणि माणूसही बाजूलाच राहतो. रक्तदानाच्या फॉर्मवर ‘तपासणीत दोष आढळल्यास कळवावे का’ असा प्रश्न असतो. शिबिराच्या गर्दीत तो किती जण वाचतात, आणि घाईत लिहिलेला फोन नंबर किती वेळा लागतो, हे शिबिरे भरवणाऱ्या मंडळांना मी मनापासून विचारतो. महाराष्ट्रात शिवजयंतीपासून पुढाऱ्यांच्या वाढदिवसांपर्यंत वर्षभर शिबिरे होतात. त्यांच्याइतका निरोगी दिसणाऱ्या माणसांची तपासणी करणारा दुसरा उपक्रम आपल्याकडे क्वचितच असेल.

ही हळहळ अधिक वाटते कारण उपचार आहेत आणि ते सरकारकडून मोफत आहेत. २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. हेपॅटायटिस बीच्या विषाणूचा शोध लावणारे बारूक ब्लुमबर्ग यांचा तो जन्मदिवस, म्हणून तोच जागतिक हेपॅटायटिस दिनही आहे. या कार्यक्रमात तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत मिळतात. हेपॅटायटिस सी साधारणतः बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक रुग्णांत. दीर्घकालीन हेपॅटायटिस बी सहसा मुळापासून जात नाही, पण रोजच्या एका गोळीने तो दाबून ठेवता येतो, आणि प्रत्येकाला गोळी लागतेच असेही नाही. काहींना ठरावीक अंतराने रक्ततपासणी आणि सोनोग्राफी पुरते. म्हणजे अडचण औषधाची उरलेली नाही, अडचण खिडकीपासून त्या औषधापर्यंतच्या रस्त्याची आहे.

तो रस्ता किती तुटक आहे ते भावाबरोबर फिरताना मी पाहिले. शेवटी २०२१ मध्ये एका ओळखीच्या परिचारिकेने सांगितले म्हणून आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. पहिल्या दिवशी पुन्हा तीच पट्टीवरची चाचणी झाली. व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण मोजण्यासाठी, नमुना दुसऱ्या शहरात जाणार होता आणि त्याचे संकलन आठवड्यातून एकाच वारी होते, म्हणून दुसरी फेरी झाली. अहवाल घ्यायला तिसरी फेरी आणि अहवाल आलाच नव्हता म्हणून चौथी. प्रत्येक फेरीला अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी गेली. तिथले कर्मचारी नीट वागले, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. पण रोजंदारीवर जगणारा माणूस दुसऱ्या फेरीनंतर येत नसेल, तर त्याला निष्काळजी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हे सुधारण्यासाठी नवे शोध लागायला हवेत असे नाही. क्षयरोगासाठी तालुक्या-तालुक्यांत सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी यंत्रे पोहोचली आहेत. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे आहे. कार्ट्रिज किंवा चिप बदलली की याच यंत्रांवर हेपॅटायटिसचा व्हायरल लोड करता येतो. पहिली चाचणी रिअ‍ॅक्टिव्ह आली तर त्याच नमुन्यावर, रुग्णाला परत न बोलावता, पुढची चाचणी लावावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे. एचआयव्हीच्या बाबतीत आपण हा रस्ता बांधून दाखवलेला आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे एचआयव्ही तपासणी व समुपदेशन केंद्रात, समुपदेशक असतो, तो माणसाशी खोलीत बसून बोलतो आणि एआरटी केंद्रापर्यंत, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथपर्यंत, त्याचा माग ठेवतो. त्याच खोलीत, बोटाच्या त्याच टोचणीतून हेपॅटायटिस बी आणि सी तपासले जावेत, आणि ही सोय एकही केंद्र न वगळता सगळीकडे असावी. इजिप्तने २०१८-१९ मध्ये सुमारे सात महिन्यांत जवळपास ५ कोटी लोकांची हेपॅटायटिस सीसाठी तपासणी केली आणि सापडलेल्यांना उपचारही दिले. आपल्याला त्यांच्याइतका वेग जमेल की नाही हा वेगळा प्रश्न आहे, पण सापडलेला माणूस हातातून सुटू द्यायचा नाही, एवढे तरी आपण आजपासून करू शकतो.

कायद्याची बाजूही आहे. एचआयव्हीबाधितांना नोकरीत आणि उपचारांत भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा २०१७ साली झाला. हेपॅटायटिससाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. एकत्र जेवल्याने किंवा हस्तांदोलनाने हा विषाणू पसरत नाही, तो रक्तातून, शरीरसंबंधांतून, दूषित सुया-वस्तऱ्यांतून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो, हे माहीत असूनही निदानाबरोबर नोकरी जाण्याची भीती असेल तर शहाणा माणूससुद्धा तपासणी टाळेल. लोकांनी पुढे यावे असे वाटत असेल तर आधी त्यांना हे अभय दिले पाहिजे.

भावाच्या निदानानंतर डॉक्टरांनी घरातल्या सर्वांची तपासणी करायला सांगितली. वहिनी आणि दोन्ही मुले निगेटिव्ह निघाली. मुलांना जन्मानंतरच्या लसी मिळाल्या होत्या, वहिनींना शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस दिले. भावाचा थोरला भाऊ मात्र पॉझिटिव्ह निघाला आणि त्याच्या गोळ्या लगेच सुरू कराव्या लागल्या, कारण त्याच्या यकृताला इजा होऊ लागली होती. त्याला कसलाही त्रास नव्हता. मोठेपणी संसर्ग झाला तर तो बहुधा आपोआप जातो, पण जन्मताना झालेला संसर्ग दहांपैकी नऊ बाळांत कायमचा राहतो. म्हणून दोन सख्खे भाऊ पॉझिटिव्ह असले की डॉक्टर आईची चौकशी करतात.

मावशी सत्तरीला आली आहे. तिने अजून तपासणी करू दिलेली नाही. ‘माझ्यामुळे पोरांना झाले असे निघाले तर?’ असे ती एकदाच बोलली, त्यानंतर हा विषय निघाला की ती उठून आत जाते. तिच्या बाळंतपणांच्या वेळी ही तपासणीही सर्रास होत नव्हती आणि लसही सहज मिळत नव्हती, यात तिचा काही दोष नाही, हे मी तिला सांगून पाहिले. येत्या मे महिन्यात गावी गेल्यावर पुन्हा सांगणार आहे.