'रि:' लावलेली जाहिरात

आज सकाळी मेल आला. विषय: "रि: तुमच्या ऑर्डरबद्दल". 'रि:' (Re:) लागतं ते आपल्या मेलला आलेल्या उत्तराला. ऑर्डर दिलेली नाही, त्यांना कधी काही लिहिलेलं नाही, तरी हे 'उत्तर'. उघडला तर आत सेलचं बॅनर. डोकं फिरलं, म्हणून लिहितेय.

हे चुकून होत नाही. कोणीतरी मीटिंगमध्ये म्हटलेलं असतं की 'रि:' लावू, लोक घाबरून उघडतील, आणि बाकीच्यांनी माना डोलावलेल्या असतात. "घरून निरोप आणलाय" म्हणून दार उघडायला लावायचं आणि पिशवीतून माल काढायचा, त्यातलीच ही गत. आपल्यापैकी कोणी समोरासमोर असं वागणार नाही. मग मेलमध्ये का चालतं?

हो, ओपन रेट, म्हणजे मेल उघडणाऱ्यांचं प्रमाण, वाढतो. मान्य. पण त्या आकड्यावर किती भरवसा ठेवणार? २०२१च्या सप्टेंबरमध्ये ॲपलने मेल ॲपमध्ये प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ते चालू असेल तर माणसाने मेल उघडला नाही तरी आतलं ट्रॅकिंग पिक्सल (मेल उघडला का ते कळवणारं अदृश्य चित्र) आधीच लोड होतं आणि पाठवणाऱ्याच्या रिपोर्टमध्ये 'ओपन' लागतो. क्लिक बघा, खरेदी बघा, आणि सगळ्यात आधी स्पॅमच्या तक्रारी बघा. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी जीमेलने फेब्रुवारी २०२४पासून नियम कडक केले: तक्रारींचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा, ०.३ला तर पोचूच देऊ नका. ०.३ म्हणजे हजारात तीन माणसं! फसवलेल्या हजारात 'स्पॅम' दाबणारे तिघे सहज निघतात. आणि तो डाग त्या एका मेलपुरता राहत नाही, डोमेनला, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाला, लागतो. बिलं आणि पासवर्डचे मेल त्याच डोमेनवरून जात असतील तर तेही स्पॅममध्ये जायला लागतात. अमेरिकेत तर दिशाभूल करणारा विषय २००३च्या कॅन-स्पॅम कायद्यानेच बंद आहे.

सकाळच्या त्या मेलचं अजून एक. विषयाखालच्या करड्या ओळीत काय होतं? "मेल नीट दिसत नसेल तर ब्राउझरमध्ये पाहा". म्हणजे खोटं बोलायला वेळ होता, प्रीहेडर (ही करडी ओळ) लिहायला नव्हता. प्रीहेडर रिकामा सोडला की मेलमधला पहिला सापडेल तो मजकूर तिथे येतो, कधी बॅनरचा ऑल्ट टेक्स्ट (चित्र दिसलं नाही तर त्याजागी येणारे शब्द), कधी हे ब्राउझरचं वाक्य. विषयात मावलं नाही ते तिथे लिहायचं असतं. विषयात सूट, तर प्रीहेडरमध्ये मुदत.

असो. जे नव्याने जाहिरातीचे मेल लिहिण्याचं काम करतायत, त्यांच्यावर राग नाही. त्यांना कोणी नीट शिकवलेलंच नसतं. तर ऐका: विषय शेवटी लिहा. आधी मेल पूर्ण करा, मग वाचणाऱ्याला यातून नेमकं काय मिळणार ते एका वाक्यात उतरवा, आणि त्यातलं नाम आणि आकडा पुढे ओढा. उभ्या धरलेल्या फोनवर साधारण पस्तीस-चाळीस अक्षरं दिसतात, पुढचं कापलं जातं. "आमच्या सर्व ग्राहकांसाठी एक खास आनंदाची बातमी" यात बातमी कुठेच नाही. "धावण्याच्या बुटांवर २०% सूट, रविवारपर्यंत" यात सगळं आलं. कंपनीचं नाव विषयात परत नको, ते पाठवणाऱ्याच्या जागी आधीच दिसतं.

मराठीत विषय लिहिणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यायची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, आणि विषय सहसा एन्कोड होऊन, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-आकड्यांच्या सांकेतिक रूपात, जास्तीत जास्त ७५ कॅरेक्टरच्या तुकड्यांत जातो. बेस६४ या एन्कोड करायच्या पद्धतीत एका तुकड्यात जेमतेम पंधरा चिन्हं बसतात, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजून. सॉफ्टवेअरने चिन्हाच्या मधोमध तुकडा पाडला की तिथे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. म्हणून लांब विषयाचा टेस्ट मेल दोन-तीन वेगळ्या ॲपवर उघडून बघाच. त्यातच नावाचा टॅगही तपासा, म्हणजे प्रत्येकाचं नाव आपोआप भरलं जातं ती जागा. ज्यांचं नाव लिस्टमध्ये नाही त्यांच्यासाठी पर्यायी शब्द भरलेला नसेल तर "नमस्कार ," असा बोडका विषय जातो.

ए/बी टेस्टबद्दलही, म्हणजे दोन गटांना दोन वेगळे विषय पाठवून तुलना करण्याबद्दलही, बोलायलाच हवं. पाचशे-पाचशे लोकांना दोन विषय पाठवले, एक २० टक्क्यांनी उघडला, दुसरा २२, आणि लगेच दुसरा जिंकला म्हणून पेढे वाटायचे! फरक दहा माणसांचा आहे. एकच विषय दोन्ही गटांना पाठवला असता तरी एवढा फरक सहज पडला असता. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. शब्दही बदलले, इमोजीही टाकला, वेळही बदलली, तर कशामुळे काय झालं हे कोण सांगणार?

राहता राहिली घाई. "शेवटचे काही तास" लिहायला माझी हरकत नाही, तास खरंच शेवटचे असतील तर. सकाळच्या त्या बॅनरवरही तेच होतं, आणि खाली बारीक अक्षरांत मुदत पुढच्या आठवड्यापर्यंतची. आज हे वाचून घाईने घेणारा माणूस आठ दिवसांनी तोच भाव बघतो आणि पुढच्या वेळी तुमची खरी मुदतही सोडून देतो. मुदत वाढवली असेल तर विषयात सरळ तसं लिहा: "सेल बुधवारपर्यंत वाढवला".