ऑर्किडच्या वन स्टार रिव्ह्यूला नर्सरीकडून उत्तर

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. ऐन सणात तुमचा हिरमोड झाला, त्याबद्दल मनापासून सॉरी. काउंटरला माझा भाचा होता, त्याचा आवाज चढला असेल तर त्याच्या वतीनेही सॉरी, त्याला समज दिलीये.

पण "साडेआठशे घेऊन मेलेलं ऑर्किड गळ्यात मारलं, फसवतात" हे जे लिहिलंय ना, ते लागलं हो. कारण खाली फोटो तुम्हीच टाकलाय, गौरींच्या आराशीतला, त्यात आमचं फॅलेनॉप्सिस, म्हणजे हेच ऑर्किड, दोन्ही गौरींच्या मधोमध दिसतंय, दोन्ही दांड्यांना फुलं उमललेली, टोकाला कळ्या, पानं कडक. मेलेलं झाड असं दिसतं का, तुम्हीच सांगा. आणि त्याच फोटोत झाडाला अगदी चिकटून केळ्यांचा घड आणि फळांची परडी आहे, मागे फोकस लाइट. पिकलेल्या केळ्यांतून इथिलीन निघतो, रायपनिंग चेंबरमधे फळं पिकवायला सोडतात तोच गॅस, या ऑर्किडला तो अजिबात सोसत नाही, कळ्या पिवळ्या पडून गळतात, फुलं मिटतात. नीट ठेवलं तर हीच फुलं दोन-दोन महिने टिकतात, म्हणून तर लोक एवढे पैसे देऊन नेतात.

आता पाण्याचं. परत आणलंत तेव्हा ते पितळी कुंडीत बसवलेलं होतं, कुंडी सुरेखच आहे, पण खाली भोक नाही आणि तळाला पाणी साचलेलं. तुम्ही म्हणालात, रोज फुलपात्रभर घालते, तुळशीला घालते तसं. अहो ताई, हे मातीतलं झाड नाहीये, जंगलात दुसऱ्या झाडांच्या खोडावर वाढतं, मुळांना हवा लागते म्हणून तर आम्ही सालीच्या तुकड्यांत, पारदर्शक कुंडीत देतो. मुळं हिरवी दिसली की पाणी आहे, चंदेरी झाली की घालायचं, साधारण आठवड्याला एकदा, भाद्रपदातल्या दमट हवेत त्याहून कमी. तुमच्यासमोरच एक मूळ चिमटीत धरलं तर वरचं आवरण मोज्यासारखं निघून आलं आणि आत नुसता दोरा राहिला. ही सड साचलेल्या पाण्याची आहे, इथून नेताना नव्हती. हे सगळं विकतानाच सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही फोनवर होतात, असो, गौरी बसायच्या आदल्या दिवशी घाई कुणाला नसते.

दुसरीकडे चारशेला मिळतं म्हणता, मिळत असेल. टिश्यू कल्चरच्या, म्हणजे लॅबमधे बाटलीत तयार केलेल्या रोपाला फूल यायलाच दोन-तीन वर्षं लागतात, तेवढी वर्षं त्याला सांभाळायचा खर्च कुणीतरी करतंच ना.

बाकी इथून पुढे कुंडीबरोबर पाण्याची चिठ्ठी वगैरे द्यायचं बघतोय, गर्दीच्या दिवसांत माणूसही वाढवू.

झाड टाकून दिलं नसेल तर घेऊन या. पानं हिरवी होती, सडलेली मुळं कापून कोरड्या सालीत लावून देतो, पैसे नकोत. यंदा फुलाची आशा धरू नका पण झाड बहुतेक जगेल. आणि जमलं तर रिव्ह्यूतला "फसवतात" तेवढा काढा, दिवाळी तोंडावर आलीये आणि लोक हल्ली आधी स्टार बघतात मगच गाडी वळवतात.