फरशी गार, डोकं गरम

फरशीखाली हीटिंग बसवलं. आता फक्त थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या डबीला, वेळा सांगायच्या, एवढंच काम उरलं होतं. एवढंच!

बटणं तीन आणि दिवस सात. रोजच्या चार वेळा: उठणं, बाहेर जाणं, परतणं, झोपणं. म्हणजे २८ वेळा, वर २८ तापमानं. एखादं बटण जरा जास्त दाबलं गेलं की स्वारी पुन्हा सोमवारवर. मंगळवार ते शुक्रवार सोमवारसारखेच असतात, हे त्या डबीला कोण सांगणार?

बरं, सहाला उठायचं म्हणून सहाची वेळ लावली, तर सहाला फरशी बर्फ! कारण सहाला ती तापायला नुसती सुरुवात करते. काँक्रीटच्या जाड थरातून ऊब वर यायला तास-दोन तास सहज जातात, कधी त्याहून जास्त. काही थर्मोस्टॅट हे गणित आपणहून शिकतात आणि आधीच सुरू होतात. आपला त्यातला आहे का? शोधा, मेनूच्या कुठल्या तरी बिळात लपलेलं असेल.

आणि पडद्यावरचा तो आकडा हवेचा की फरशीतल्या सेन्सरचा? चुकून नुसता हवेचा निवडला, तर खोली उबदार होईपर्यंत फरशी तापतच राहते. वर लाकूड असेल तर साधारण २७ अंशांची मर्यादा घालायची असते. तीही अर्थातच वेगळ्याच मेनूत.

सगळं जमवलं एकदाचं. आणि काल रात्री वीज गेली. आता घड्याळ १२:०० वर लुकलुकतंय, वार सोमवार.